२२० नंबरच्या दारामागचा बहुरूपी

डॉसवरचा, म्हणजे विंडोजपूर्वीच्या सिस्टिमवरचा, जुना गेम सुरू झाला की सगळ्यात आधी एक दार वाजवून बघतो. पोर्ट २२६ वर (पोर्ट म्हणजे प्रोसेसरने हार्डवेअरशी बोलायचा पत्ता) १ लिहायचा, निदान ३ मायक्रोसेकंद थांबायचं, मग तिथेच ० लिहायचा आणि पोर्ट २२ए वर कान लावून बसायचं. तिथून ‘एए’ असं उत्तर आलं की घरात साऊंड ब्लास्टर हे साऊंड कार्ड आहे. नाही आलं तर गेम चालतो, पण मुका. (पोर्टांचे हे आकडे षोडशमान पद्धतीतले, त्यात ए ते एफ ही अक्षरंही आकडेच.)

आजच्या मदरबोर्डवर त्या पत्त्यावर कोणी राहत नाही. तरीही २०२३ पासून अनेक नव्या मशिनांवर त्या दारातून बिनचूक ‘एए’ ऐकू येतं. हे उत्तर देणारा साऊंड ब्लास्टर नाही, त्याचं सोंग घेतलेला एसबीईएमयू नावाचा प्रोग्रॅम आहे.

मुळात गोची डॉसच्या घडणीतच होती. डिस्क, कीबोर्ड, स्क्रीन यांची थोडीफार जबाबदारी बायॉस (मदरबोर्डवरचा, मशिन सुरू करणारा प्रोग्रॅम) आणि डॉस मिळून घ्यायचे. आवाज मात्र कोणाच्याच खात्यात नव्हता. ‘हा आवाज वाजव’ असं सांगायची सोयच डॉसमध्ये नाही. त्यामुळे प्रत्येक गेम कार्डाशी थेट बोलायचा, त्याच्या पोर्टांवर स्वतः आकडे लिहायचा. १९८७ मध्ये आलेल्या कॅनडाच्या ॲडलिब कार्डावर यामाहाची वायएम३८१२ ही चिप होती आणि तिचा पत्ता होता ३८८. सिंगापूरच्या क्रिएटिव्हने १९८९ मध्ये साऊंड ब्लास्टर काढताना हुशारी केली: तीच चिप त्याच पत्त्यावर ठेवली आणि शिवाय खऱ्या, रेकॉर्ड केलेल्या आवाजाची सोय २२० पासूनच्या पोर्टांवर दिली. ॲडलिबसाठी लिहिलेले गेम पहिल्या दिवसापासून चालले. म्हणजे दुसऱ्याच्या पत्त्यावर राहायची रीत खुद्द साऊंड ब्लास्टरनेच पाडली.

त्या काळी मशिन हाताळलेल्यांना सुरुवातीलाच चालणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलमधली एक ओळ पाठ असेल: सेट ब्लास्टर=ए२२० आय५ डी१ एच५ टी६. पत्ता २२०, इंटरप्ट (कार्डाने प्रोसेसरला दिलेली हाक) ५, डीएमए (प्रोसेसरला मधे न घेता मेमरीतून डेटा नेण्याची सोय) चॅनल १, सोळा बिटांसाठी डीएमए ५, आणि टी६ म्हणजे १९९२ चं साऊंड ब्लास्टर १६. ही ओळ म्हणजे ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारा प्रोग्रॅम, नव्हे. ती नुसती पत्त्याची चिठ्ठी. ती चुकली की गेमच्या सेटअपमध्ये इंटरप्ट ५ की ७ हे अंदाजपंचे ठरवायचं, आणि अंदाज चुकला तर पहिल्याच गोळीला मशिन हँग.

मग खालची जमीनच बदलली. पीसीआय ही कार्ड जोडायची नवी पद्धत आली आणि जुने आयएसए स्लॉट मदरबोर्डवरून हळूहळू गायब झाले. १९९७ मध्ये मदरबोर्डवरच्या आवाजासाठी इंटेलचं एसी९७ हे मानक आलं, २००४ मध्ये एचडी ऑडिओ. विंडोजचं यात फारसं अडलं नाही, कारण तिथे गेम ड्रायव्हरशी बोलतो; ड्रायव्हर बदलला की भागलं. अडकले डॉसवाले. पीसीआय कार्डांच्या कंपन्यांनी काही वर्षं तात्पुरती ठिगळं दिली. साऊंड ब्लास्टर लाइव्हसोबत, म्हणजे १९९८ च्या कार्डासोबत, डॉससाठी एक छोटा प्रोग्रॅम यायचा आणि त्याला ईएमएम३८६ हा डॉसची मेमरी सांभाळणारा प्रोग्रॅम लागायचा. ते का, हे पुढे येतंच.

एचडी ऑडिओ हे प्रकरण किती वेगळं आहे, ते जवळून पाहण्यासारखं आहे. त्याची रजिस्टरं पोर्टांवर नाहीत, मेमरीत आहेत. आणि तीही बहुतेक वेळा इतक्या वरच्या पत्त्यांवर की पहिल्या १ एमबीत वावरणाऱ्या रिअल मोडला (डॉस चालतं ती प्रोसेसरची मूळ पद्धत) ती दिसतच नाहीत. कंट्रोलर आवाज काढत नाही, तो फक्त माल वाहतो. आवाज काढते कोडेक चिप (आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारी), आणि तिला ३२ बिटांचे हुकूम एका गोल रांगेतून पाठवायचे, उत्तरं दुसऱ्या रांगेतून गोळा करायची. कोडेकच्या पोटात कन्व्हर्टर, मिक्सर आणि जॅकच्या पिना यांचं जाळं असतं, आणि कुठली पिन कुठल्या जॅकला जोडायची हे मदरबोर्ड बनवणारा ठरवतो. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला सगळ्यात छळतो तो बाहेरचा ॲम्प्लिफायर. डेटा वाहतोय, इंटरप्ट येतायत, व्हॉल्यूम पूर्ण आहे, आणि लॅपटॉप ठार शांत. कारण ॲम्प्लिफायर चालू करणारा एक बिट कोणी लावलेलाच नाही.

आता सोंगाकडे. १९८५ च्या ८०३८६ प्रोसेसरमध्येच त्याची सोय होती. व्हर्च्युअल ८०८६ मोडमध्ये प्रोग्रॅमला वाटतं की मशिन त्याचंच आहे, पण कुठल्या पोर्टला हात लावला की त्याला अडवायचं याची यादी वर बसलेल्या प्रोग्रॅमकडे असते. ईएमएम३८६ तिथेच बसायचं. म्हणून ती ठिगळं त्याच्यावर टेकलेली. पण डूमसारखे १९९३ नंतरचे मोठे गेम डॉस/४जीडब्ल्यू हा मोठी मेमरी वापरू देणारा प्रोग्रॅम घेऊन प्रोटेक्टेड मोडमध्ये, म्हणजे १ एमबीच्या पलीकडे नेणाऱ्या पद्धतीत, जायचे, तिथे हा पहारा पुरत नाही. सुदैवाने आधीच एखादा डीपीएमआय यजमान (प्रोटेक्टेड मोडमधल्या डॉस प्रोग्रॅमांना सेवा पुरवणारा) हजर असेल तर डॉस/४जीडब्ल्यू स्वतःचं बिऱ्हाड न मांडता त्याच्याकडेच उतरतं. म्हणून दोन पहारेकरी लागतात: एका बाजूला ईएमएम३८६ च्या जागी बसणारा जेम, दुसऱ्या बाजूला डीपीएमआय यजमान एचडीपीएमआय.

एसबीईएमयू हा मुक्त प्रोग्रॅम २०२३ मध्ये याच दोघांवर उभा राहिला. त्याची खरी शहाणपणाची गोष्ट माझ्या मते ही की त्याने नवं फार थोडं लिहिलं. एचडी ऑडिओ, एसी९७ वगैरे कार्डांशी बोलणारा भाग डॉसवरच्या एमपीएक्सप्ले या म्युझिक प्लेअरमधून आला, यामाहा चिपचं संगीत गणिताने तयार करणारा भाग डॉसबॉक्स या, आजच्या सिस्टिमवर डॉसची नक्कल करणाऱ्या, प्रोग्रॅमकडून. मधला दुभाषा तेवढा स्वतःचा. गेमने ११ किलोहर्ट्झचा आठ बिटी आवाज मागितला की त्याचे आजच्या कार्डाला पचतील असे नमुने करायचे. डीएमए चिपला गेमने ‘कुठवर आलास?’ विचारलं तर तिच्या वतीनेही खोटं उत्तर द्यायचं. तुकडा संपला की इंटरप्ट ५ आल्याचं नाटक करायचं, तेही वेळेवर. नाहीतर आवाज तुटतो किंवा गेम वाट बघत बसतो.

आयबीएमच्या ओएस/२ या सिस्टिमची कथा याच्या उलट. तिथे ड्रायव्हरची नीट रचना होती, त्यामुळे कोणाचं सोंग घ्यायची गरज नव्हती. युनिऑड या ड्रायव्हरने लिनक्सचं अल्सा, म्हणजे तिथला आवाजाचा ड्रायव्हरसंच, उचललं आणि त्याभोवती ओएस/२ ला समजेल असं कवच चढवलं. आयबीएमचा नेहमीचा सपोर्ट २००६ अखेर संपला, २०१७ मध्ये आर्काओएस नावाने ही सिस्टिम पुन्हा विकायला आली, आणि आवाजासाठी युनिऑडच कामी आलं. विंडोज ९८ मधल्या मधे लोंबकळलं: मायक्रोसॉफ्टने एचडी ऑडिओचा बस ड्रायव्हर विंडोज २००० आणि एक्सपीला दिला, ९८ ला नाही.

‘डॉसबॉक्स आहे की, मग हा खटाटोप कशाला?’ असं विचारणारे भेटतात. बरोबर आहे त्यांचं. बहुतेकांचं काम तिथे होऊन जातं. पण मशिन सुरू करताच थेट सी प्रॉम्प्ट दिसणं हीच ज्याची हौस, त्याला विंडोजच्या खिडकीतलं डॉस चालत नाही.

या हौसेची मुदत मात्र हार्डवेअरवाल्यांच्या हातात आहे. नव्या अनेक लॅपटॉपांत आवाज आधी एका डीएसपीतून (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या प्रोसेसरमधून) जातो, आणि त्याला सहीशिक्क्याचं फर्मवेअर, म्हणजे त्याचा आतला प्रोग्रॅम, भरल्याशिवाय तो तोंड उघडत नाही. त्याहून मूलभूत अडचण बायॉसची. यूईएफआय या बायॉसच्या नव्या वारसदारातला जुन्या बायॉसचा आधार २०२० पर्यंत काढून टाकायचा बेत इंटेलने २०१७ मध्ये जाहीर केला होता, आणि आता तो पर्यायच नसलेली मशिनं सर्रास मिळतात. अशा मशिनवर बहुरूपी तयार असून उपयोग नाही, कारण डॉसच सुरू होत नाही. २२६ वर १ लिहायला कोणी येतच नाही.