जिन्याचं दार आणि पाचव्या मजल्यावरचा धूर

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजात आगीचं मॉक ड्रिल झालं. अकरा वाजता भोंगा वाजला, साडेचार मिनिटांत सगळी मुलं मैदानात जमली, हजेरी झाली, टाळ्याही पडल्या. मी निरीक्षक म्हणून पाचव्या मजल्यावर उभा होतो. सगळे मुख्य जिन्याने उतरले, कारण मागच्या जिन्याच्या दाराला साखळी आणि कुलूप होतं. परीक्षेच्या वेळी बाहेरचं कुणी आत येऊ नये म्हणून लावलेलं, ते नंतर कुणी काढलंच नाही. मुख्य जिन्याच्या जाड दारावर ‘फायर डोअर, बंद ठेवा’ अशी लाल पाटी आहे. ते दार सताड उघडं होतं आणि खाली एक वीट सरकवलेली होती.

त्या विटेविषयी मला लिहायचं आहे.

ड्रिल संपल्यावर एक सहकारी म्हणाले, “तळमजल्यावर आग लागली तर आपण पाचव्या मजल्यावरचे सगळ्यांत सुरक्षित. धूर इथवर यायला वेळ लागेल.” हा समज फार जणांचा असतो. धूर पाण्यासारखा एकेक मजला भरत वर चढेल, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात, जिन्याची दारं उघडी असतील तर पाचवा मजला दुसऱ्या मजल्याच्या आधी धुराने भरू शकतो. हे कसं घडतं ते मला फार विलक्षण वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

धुरातला मोठा भाग साध्या हवेचा असतो. जळणाऱ्या वस्तूतून वायू आणि काजळी निघते, पण ज्वाळा वर जाताना आजूबाजूची हवा भरमसाट ओढून घेतात आणि ती तापते. 30 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेचं वजन साधारण 1,165 ग्रॅम भरतं. 100 अंशांना तेच 945 ग्रॅमच्या आसपास येतं. म्हणजे घनमीटरमागे 220 ग्रॅमचा फरक. चार पेढे कमी झाले तर काय बिघडतं, असं वाटेल. पण जिना हा उभा बोगदा असतो. आमचा जिना सुमारे 18 मीटर उंच आहे. तो 100 अंशांच्या धुराने भरला, तर आतला एक चौरस मीटर पायाचा हवेचा स्तंभ बाहेरच्या तेवढ्याच स्तंभापेक्षा जवळपास चार किलोंनी हलका होतो. बाहेरची जड हवा खालच्या दारांतून आत घुसते आणि आतली हलकी हवा वरून बाहेर ढकलली जाते. चुलीवरचं धुराडं याच तत्त्वावर चालतं.

खाली हवा आत ओढली जाते आणि वर बाहेर ढकलली जाते, तर मध्ये कुठेतरी अशी पातळी असणारच, जिथे आतला आणि बाहेरचा दाब समान असतो. वरची आणि खालची दारं सारखीच उघडी असतील तर ती साधारण मध्यावर, म्हणजे तिसऱ्या मजल्याजवळ येते. या पातळीच्या खालच्या मजल्यांवर कॉरिडॉरमधली हवा जिन्यात खेचली जाते, त्यामुळे तिथे काही काळ तरी श्वास घेता येतो. वरच्या मजल्यांवर उलट घडतं: जिन्यातला धूर दाराच्या प्रत्येक फटीतून कॉरिडॉरमध्ये शिरतो. चार किलोंचा तो फरक वर-खाली निम्मा निम्मा वाटला गेला, तर पाचव्या मजल्याच्या दारावर चौरस मीटरला दोन किलो, म्हणजे दोन मिलिमीटर पाण्याच्या थराएवढा दाब पडतो. दार ढकलताना हाताला तो जाणवणारही नाही. पण हवाही हलकीच असते. दाब आणि वेग यांचं नातं सांगणारं बर्नूलीचं समीकरण मांडलं तर एवढ्याशा दाबाने धूर सेकंदाला सहा मीटरपेक्षा जास्त वेगाने आत येतो. सायकल जोरात हाणली तर जेवढा वेग येतो, तेवढा.

आता विटेकडे येऊ. दार वीतभरही नाही, फक्त दहा सेंटिमीटर उघडं राहिलं, तरी या हिशेबाने सेकंदाला साडेसातशे लिटर धूर कॉरिडॉरमध्ये येतो. तेच दार मिटलेलं असेल आणि चारी बाजूंना तीन मिलिमीटरची फट असेल, तर सुमारे 70 लिटर. फटीत धूर अडवणारी पट्टी बसवली की त्याहून कमी. हे गणित ढोबळ आहे, खऱ्या आगीत तापमान दर मिनिटाला बदलतं, पण दहापटीचा फरक त्याने पुसला जात नाही.

पटत नसेल तर डिसेंबरात पहाटे, वारा पडलेला असताना, एक उदबत्ती घेऊन उंच इमारतीत जा. आम्ही मुलांना घेऊन हे केलं. बाहेर थंडी आणि जिन्यात रात्रभर कोंडलेली ऊब होती. तळमजल्याच्या दाराशी उदबत्ती धरली तर धुराची रेघ आडवी होऊन जिन्याच्या आत वळली. पाचव्या मजल्यावर दार किंचित उघडून फटीशी धरली, तर तीच रेघ जिन्यातून कॉरिडॉरकडे गेली. जेमतेम दहा अंशांच्या फरकावर हे दिसलं.

1 डिसेंबर 1958 रोजी शिकागोतल्या ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ या शाळेत तळघरात, जिन्याच्या पायथ्याशी आग लागली. खालच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी जड लाकडी दारं होती आणि ती मिटलेली होती. वरच्या मजल्यावर दारंच नव्हती. आग आणि धूर खालचा मजला ओलांडून थेट वरच्या कॉरिडॉरमध्ये गेला. 92 मुलं आणि 3 नन मृत्युमुखी पडल्या, त्या वरच्या मजल्यावर. खालचे वर्ग बाहेर पडले. जून 2023 मध्ये दिल्लीच्या मुखर्जीनगरात, जिथे आपल्याकडचीही कितीतरी मुलं स्पर्धा परीक्षांसाठी राहतात, एका कोचिंग क्लासच्या इमारतीत विजेच्या मीटरपाशी आग लागली आणि मुलं खिडक्यांतून वायरी धरून खाली उतरली. तो व्हिडिओ पाहताना माझ्या डोळ्यांपुढे जिना येत होता.

एक सल्ला सर्रास दिला जातो: नाकाला ओला रुमाल लावा. रुमालात काजळी आणि पाण्यात विरघळणारे काही झोंबरे वायू अडकतात, खोकला कमी होतो, तेवढा उपयोग आहेच. पण कार्बन मोनॉक्साइड त्यातून आरपार जातो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट घट्ट चिकटतो. ओल्या रुमालाच्या भरवशावर धुराच्या जिन्यात पाऊल टाकू नये. कॉरिडॉर धुराने भरला असेल तर वर्गात परत या, दार लावा, ओला कपडा दाराखालच्या फटीत कोंबा आणि खिडकीतून हात दाखवा. रुमालाचा खरा उपयोग तिथे आहे.

आमच्याकडे खंडेनवमीला अग्निशामक सिलिंडरचीही पूजा होते. झेंडूची माळ, हळदकुंकू, सगळं मनापासून. यंदा मी हार बाजूला करून गेजचा काटा पाहिला, तर दोन सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात होता. पूजेने दाब वाढत नाही, तो रिफिलिंगनेच वाढतो. महाराष्ट्रात 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू असल्याचा ‘नमुना ब’ दाखला घ्यावा लागतो. तो मागून पाहण्याचा आग्रह प्राध्यापकांनी धरायला हवा.

ड्रिलबद्दलही माझं स्पष्ट मत आहे. वेळ आधी जाहीर करून, मोकळ्या जिन्याने केलेलं ड्रिल म्हणजे कवायत. जानेवारी 2000 मध्ये अमेरिकेतल्या सेटन हॉल विद्यापीठाच्या वसतिगृहात पहाटे आग लागली आणि 3 विद्यार्थी गेले. त्याआधी खोटे अलार्म इतक्या वेळा वाजले होते की अनेक मुलं त्या पहाटेही अंथरुणातच राहिली. म्हणून ड्रिल कमी वेळा घ्या, पण दर वेळी एक जिना ‘धुराने भरला’ असं ऐनवेळी जाहीर करा. मुलांना दुसरा जिना शोधू द्या. आमच्याकडे हे केलं असतं तर साखळी पहिल्याच मिनिटाला सापडली असती.

साखळी आता निघाली आहे. वीट मात्र ड्रिलच्या दुसऱ्याच दिवशी परत दारात होती. चौकशी केली तेव्हा आमच्या लॅबमधल्या मावशी म्हणाल्या, “सर, काचेच्या सामानाचा ट्रे दोन्ही हातांत असतो. हे दार खांद्याने ढकललं तरी हलत नाही, आणि सोडलं की पाठीत बसतं.” मी दार ढकलून पाहिलं, त्यांचं खरं होतं. वरच्या क्लोजरची, म्हणजे दार आपोआप मिटवणाऱ्या यंत्राची, स्प्रिंग फार आवळलेली होती. फिटरने स्टुलावर चढून दोन स्क्रू थोडे सैल केले, दहा मिनिटांचं काम. आता दार कोपराने उघडतं आणि सावकाश येऊन ‘टक्’ करून बसतं. अलार्म वाजला की आपोआप सुटणारं चुंबकी होल्डर मिळतं, त्याचा अर्ज दिला आहे. मावशींनी वीट खाली बागेत नेऊन ठेवली. चौथ्या मजल्यावरच्या दाराखाली लाकडाची पाचर आहे, तिथला क्लोजर सोमवारी पाहायचा आहे.