‘शिकायचंच नाही त्यांना’ हे खरं नाही

ऑस्ट्रेलियाच्या दुर्गम वस्त्यांमधली आदिवासी मुलं शाळेत मागे पडतात, कारण त्यांच्या आईबापांना शिक्षणाची किंमतच नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हा समज चुकीचा आहे आणि अन्याय करणाराही.

आधी कान बघा. देशाच्या उत्तरेकडच्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशातल्या वस्त्यांमध्ये मधल्या कानाचा संसर्ग अनेक मुलांना तान्हेपणीच होतो. दाटीची घरं, नळ-मोऱ्यांची दुरवस्था, दवाखाना लांब. पडद्यामागे पाणी साचतं, कधी पडदा फाटून कान वाहत राहतो आणि ऐकू कमी येतं. वर्गात पंखा घरघरत असतो, बाई फळ्याकडे तोंड करून बोलतात, तीही इंग्रजीत. घरची भाषा योल्ङू किंवा वार्लपिरी. या भाषांत ‘स’, ‘फ’ हे ध्वनीच नाहीत. अधू कानाला नेमके तेच निसटतात. मग मूल लक्ष देत नाही असा शेरा बसतो!

१९७०च्या दशकात तिथे द्विभाषिक शाळा सुरू झाल्या. २००८ साली सरकारने रोजचे पहिले चार तास इंग्रजीतूनच शिकवायचा आदेश काढला, तेव्हा वस्त्यांनी जोरदार विरोध केला. शिक्षणाची पर्वा नसलेले लोक शाळेच्या भाषेसाठी भांडतील का? यिर्कला या योल्ङू वस्तीतल्या शाळेने तर मातृभाषेतलं शिक्षण सोडलंच नाही. २०२० मध्ये तिथले आठ विद्यार्थी विद्यापीठ प्रवेशासाठी लागणारे गुण मिळवून बारावी झाले.