साधं एफक्यूडीएन आणि तारकेचं एफक्यूडीएन: डीएनएसला विचारतं कोण?

क्लाउडचे पत्ते सारखे बदलतात, म्हणून फायरवॉलच्या रूलमध्ये आयपी पत्त्याऐवजी सर्व्हरचं पूर्ण नाव (एफक्यूडीएन) टाकायचं, हे आता सगळ्यांना माहीत आहे. फायरवॉल स्वतः डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला विचारतो, मिळालेले पत्ते रूलमध्ये भरतो, टीटीएल (उत्तराची मुदत) संपला की पुन्हा विचारतो. झालं साधं एफक्यूडीएन.

गोंधळ सुरू होतो तो 'स्टार डॉट विंडोजअपडेट डॉट कॉम' लिहिल्यावर; स्टार, म्हणजे तारका, याचा अर्थ त्याखालचं कुठलंही नाव. आता फायरवॉल त्याखालची सगळी नावं शोधून काढेल, असं अनुभवी अ‍ॅडमिनही धरून चालतात. तो शोधू शकत नाही. 'या डोमेनखालची सगळी नावं सांग' असा प्रश्न डीएनएसला विचारताच येत नाही, आणि झोन ट्रान्सफर (डोमेनच्या सगळ्या नोंदी एकदम देणं) परक्याला कुणी देत नाही. त्यामुळे फायरवॉल वाट बघतो. आतल्या एखाद्या मशीनने नाव विचारलं आणि उत्तर त्याच्यातून गेलं, तर ते वाचून तो पत्ता टिपतो. उत्तर त्याच्यातून गेलं नाही, तर यादी रिकामी आणि रूल नुसता शोभेचा.

उत्तर कुठे निसटतं? ब्राउझर डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस वापरत असेल, तर ते ४४३ पोर्टवरून एन्क्रिप्ट होऊन जातं. त्याहून फसवा प्रकार ऑफिसातल्या डोमेन कंट्रोलरचा, म्हणजे आतल्या मशीनना डीएनएसची उत्तरं देणाऱ्या विंडोज सर्व्हरचा. फायरवॉल रीबूट झाला, टिपलेले पत्ते गेले. पण कंट्रोलरच्या कॅशमध्ये जुनं उत्तर शिल्लक आहे. तो बाहेर विचारत नाही, फायरवॉलला काही दिसत नाही, अपडेट अडतात. टीटीएल संपला की सगळं आपोआप सुरू! तोवर कुणीतरी वैतागून रूल 'एनी' (कुठलाही पत्ता चालेल) करून ठेवलेला असतो आणि तो तसाच राहतो. याचा मला मनापासून राग येतो.

तारका सगळीकडे चालतही नाही. फोर्टीगेट फायरवॉलच्या पॉलिसीत ती ६.२.२ आवृत्तीपासून आली. पालो आल्टो फायरवॉलच्या एफक्यूडीएन ऑब्जेक्टमध्ये चालत नाही. अझ्युर फायरवॉलमध्ये ती अ‍ॅप्लिकेशन रूलमध्ये (नाव तपासणाऱ्या) घ्यायची, नेटवर्क रूलमध्ये (पत्ता तपासणाऱ्या) नाही.

वेब ट्रॅफिकसाठी मी अ‍ॅप्लिकेशन रूलच वापरतो. तिथे टीएलएसच्या, म्हणजे एन्क्रिप्टेड जोडणीच्या सुरुवातीला मशीन जे नाव सांगतं, तेच तपासलं जातं, डीएनएसचं उत्तर टिपायची गरज उरत नाही. शिवाय सीडीएनच्या (अनेक साइटचा मजकूर पुरवणाऱ्या सर्व्हरच्या जाळ्याच्या) एकाच पत्त्यावर शेकडो साइट असतात. पत्त्यावर चालणारा रूल त्या सगळ्यांना दार उघडतो. पत्त्याच्या रूलमध्ये तारका हवीच असेल, तर आधी मशीनना फायरवॉलचाच डीएनएस प्रॉक्सी द्या, म्हणजे त्यांचे डीएनएसचे प्रश्न फायरवॉललाच जातील, आणि ब्राउझरमधलं डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस ग्रुप पॉलिसीने (सगळ्या मशीनना एकदम लागू होणाऱ्या विंडोज सेटिंगने) बंद करा.