गावची देवराई वारसा स्थळ करायचीय? अर्ज कुणी करायचा, कागद कुठले लागतात

देवराई, सडा (डोंगरावरचं उघडं कातळ-पठार), ओढ्याकाठचं जुनं रान हे सगळं राखणं सरकारचंच काम आहे, राज्यघटनेत कलम ४८अ १९७६ मध्येच आलंय. पण २००२ च्या जैवविविधता कायद्यात कामाची वाटणी आहे बघा. धोक्यात आलेल्या एकेका प्रजातीची यादी कलम ३८ खाली केंद्र काढतं, आणि झाडं, किडे, पाणी सगळं मिळून जी अख्खी जागा आहे ती जैवविविधता वारसा स्थळ म्हणून कलम ३७ खाली राज्य सरकार जाहीर करतं, तेही स्थानिक संस्थांना विचारून. म्हणजे आपली ग्रामपंचायत. आपण कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात; बेंगळुरूच्या साहेबाला खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडची देवराई स्वप्नात दिसणार नाही, फाईल गावातनंच हलवायला पाहिजे.

जागा कशी हवी? दुर्मिळ किंवा फक्त इथंच सापडणाऱ्या जाती, नाजूक अधिवास, नाहीतर लोकांनी पिढ्यान् पिढ्या श्रद्धेनं राखलेलं रान, यातलं काहीतरी ठोस दाखवता यायला पाहिजे. मोठीच जागा लागते असं काही नाही. आंबोलीचं हिरण्यकेशीचं उगमस्थान महाराष्ट्राने २०२१ मध्ये एका छोट्या माशासाठी वारसा स्थळ केलं, जागा जेमतेम दोन हेक्टर, आणि तीच नदी पुढे आपल्या संकेश्वरला येते. आपल्याकडच्या भीमगड अभयारण्याच्या आतली जागा असेल तर तिला वन्यजीव कायदा आधीच लागू आहे, तिथं या अर्जात जोर घालवू नका.

सुरुवात पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडून करा. कलम ४१ प्रमाणे ती प्रत्येक पंचायतीत असायलाच पाहिजे, पण कित्येकदा मेंबरलाच माहीत नसतं की आपण त्यात आहोत, म्हणून पीडीओंकडं (पंचायत विकास अधिकारी) समितीची यादी आणि लोक जैवविविधता नोंदवही (गावातल्या झाडाप्राण्यांची नोंद असलेली वही) दोन्ही मागा. राष्ट्रीय हरित लवादाने (पर्यावरणाचे खटले चालवणारं न्यायाधिकरण) ३१ जानेवारी २०२० ची मुदत घालून राज्यांना महिन्याला १० लाखांच्या दंडाची तंबी दिल्यावर या नोंदवह्या धडाधड तयार झाल्या, त्यामुळं तुमच्या देवराईचं पान त्यात आहे का आणि नावं बरोबर आहेत का हे स्वतः वाचून बघा, नसेल तर आधी ते भरून घ्या.

मग ग्रामसभेचा ठराव. खरी अडचण इथंच येते, कारण लोकांना वाटतं आता कुंपण पडणार, सरपण बंद, जत्रा बंद. तसं नाही. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनेत स्पष्ट आहे की गावानं स्वतःहून ठरवलेल्या बंधनांपलीकडं चालू वहिवाटीवर बंदी घालायची गरज नाही, आणि कुणाचं आर्थिक नुकसान झालं तर भरपाईची योजना करायचं कलम ३७ मध्येच आहे. हे ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवा, आणि कुठल्या वहिवाटी चालू राहणार ते ठरावातच लिहून घ्या, नुसतं 'सर्वानुमते मंजूर' नको.

कागद म्हणाल तर समितीचा आणि ग्रामसभेचा ठराव, आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा), सर्व्हे नंबरसह मोजणी नकाशा, नोंदवहीतल्या पानांची प्रत, झाडाप्राण्यांची यादी (कॉलेजचे बॉटनीचे सर मदत करतात, विचारा तर खरं), तारखेसह फोटो आणि देवाच्या प्रथांची थोडी माहिती. जमीन कुणाच्या नावावर आहे यावर पुढचं ठरतं. वनखात्याची असेल तर आरएफओंचं (वनक्षेत्रपाल) पत्र, गायरान असेल तर तहसीलदारांचा अभिप्राय, देवस्थानाची असेल तर मुजराई खात्याचं (देवस्थानं बघणारं सरकारी खातं) पत्र, खाजगी असेल तर मालकाचं संमतीपत्र जोडा. एकाच देवराईत दोन-तीन सर्व्हे नंबर निघतात, उतारे सगळ्यांचे काढा.

भाषेचं म्हणाल तर तक्रार-निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत द्यायचा हक्क घटनेच्या कलम ३५० ने दिलाय, पण तत्त्वावर अडून सहा महिने घालवण्यापेक्षा कन्नड प्रत सोबत जोडा, हे माझं स्पष्ट मत. कागदांचा सगळा सेट पंचायतीमार्फत कर्नाटक जैवविविधता मंडळाला पाठवा, कॉपी डीसी ऑफिस (जिल्हाधिकारी कार्यालय) आणि डीएफओंना (विभागीय वन अधिकारी), प्रत्येक ठिकाणी पोच शिक्का घ्या. मंडळ पाहणी करून सरकारला शिफारस करतं, आणि राजपत्रात अधिसूचना निघाली की मगच ते वारसा स्थळ. तोपर्यंत कुणी बोर्ड लावला तरी त्याला कायद्यात किंमत नाही. उत्तर नाही आलं तर पोच जोडून माहिती अधिकारात फाईल कुठल्या टेबलावर आहे ते विचारा, तिथं ३० दिवसांची मुदत आहे.