मिसिंग की हवा चोरी? घरी प्लग-फिल्टर बदलल्यावर गाडीची रेस बिघडली तर

प्लग बदलले, एअर फिल्टर टाकला, हात लागलाच आहे तर थ्रॉटल बॉडीवर (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) क्लीनरही मारला, आणि बोनेट पाडून सेल मारला तर गाडी उभ्या उभ्या धडधडायला लागली. काल तर बरी होती! मग चौकातले चार जण येऊन ऐकतात आणि चौघंही एकच सांगतात, मिसिंग मारते भाऊ, प्लग डुप्लिकेट निघाला असंल. झालं, माणूस नवे प्लग आणायला यवतमाळ नाहीतर वर्धा गाठते, प्लगला करंट देणारी एक कॉइलही घेऊन येते, आणि गाडी जशीच्या तशी.

राजेहो, उभी गाडी धडधडते म्हणजे दरवेळी मिसिंगच असते असं नाही. मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरात आग लागत नाही. दुसरा प्रकार हवा चोरीचा, म्हणजे थ्रॉटलच्या पुढं, इंजिनच्या बाजूला, कुठंतरी पाइप निघालेला किंवा तडकलेला असते आणि इंजिन तिथून फुकटची हवा ओढते. स्टिअरिंगवर हात ठेवला तर दोन्ही सारखेच वाटतात. आणि बऱ्याच छोट्या गाड्यांत एअर फिल्टरचा डबा इंजिनच्या डोक्यावरच बसलेला आहे, प्लगपर्यंत जायचं तर तो डबा काढा, त्याचे पाइप ओढा, मग कॉइलचे कपलर, म्हणजे वायरचे जोड, काढा. म्हणजे एकाच कामात दोन्ही बिघाडांच्या जागी आपला हात जाऊन येते, म्हणून घोळ होते.

(हे सगळं पेट्रोल गाडीचं आहे. डिझेलवाल्यानं डिझेलचा फिल्टर बदलल्यावर गाडी धडधडली तर आधी डिझेलच्या लाइनीतली हवा काढावी, त्याचा इथं संबंध नाही.)

आता ओळखायचं कसं. आधी कान लावा, पैसे नंतर. गाडी गरम होऊ द्या, एसी बंद, आणि सायलेन्सरच्या मागं उभे राहा. मिसिंग असंल तर तिला ताल असते, लंगड्या बैलासारखा, दर फेरीला त्याच पायावर दबते, भुक् भुक् भुक्, आणि धुराला कच्च्या पेट्रोलचा वास येते. हवा चोरीला असा ताल नसते. तिथं रेस आपोआप चढते, उतरते, परत चढते, किंवा जिथं गरम गाडीनं साधारण ७०० ते ९०० आरपीएमवर शांत बसायला पायजे तिथं ती १२००-१५०० वर जाऊन बसते. मॅप सेन्सरवाल्या (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या) गाड्यांत, आणि आपल्या बऱ्याच मारुत्या तशाच आहेत, हे जास्त दिसते, कारण कॉम्प्युटरला वाटते हवा वाढली तर पेट्रोलही वाढवा. ज्या गाडीत हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर फिल्टरजवळ असते तिथं ही चोरीची हवा मोजल्याच जात नाही, मिश्रण पातळ होते आणि गाडी थरथरते, कधी सिग्नलला बंदही पडते.

त्याच्याही पुढची खात्रीची खूण म्हणजे रेस द्या. उभ्या गाडीला २०००-२५०० पर्यंत रेस दिली आणि थरथर पार गेली, तर संशय हवेवर. काहून, तर आयडलला, म्हणजे रेस न देता उभी चालू असताना, थ्रॉटल जवळजवळ बंद असते, आत ओढ जबरदस्त असते, त्या वेळी बारीक छिद्रही भारी पडते. थ्रॉटल उघडला की ओढ कमी होते आणि तेवढ्या हवेत छिद्राची हवा किस झाड की पत्ती. मिसिंगचं उलटं आहे, ती वजनावर उघडी पडते. चार माणसं बसवून घाट चढताना किंवा चौथ्या गिअरमधे कमी स्पीडवरून दाबल्यावर झटके मारत असंल तर प्लग, कॉइल, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) बघा.

मिसिंग वाटली तर कोणता सिलिंडर ते काढा. गाडी बंद करून एका इंजेक्टरचा कपलर काढा, चालू करा. गाडी आणखी बिघडली म्हणजे तो सिलिंडर काम करत होता, लावून टाका. काहीच फरक नाही पडला तर तोच बसलेला आहे. मग त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरला लावा, मिसिंग तिकडं गेली तर कॉइल, नाही गेली तर प्लगची अदलाबदल. जुने मिस्त्री प्लगची वायर बॉडीजवळ धरून ठिणगी बघत, ते कॉइलवाल्या गाडीला करू नका बावा, झटकाही बसते आणि इलेक्ट्रॉनिक्सही जाते. पण या सगळ्याच्या आधी कपलर बघा. लॉकची जीभ टिच् करून बसली नाही तरी कपलर बसल्यासारखा दिसते, बोटानं ओढला की सरळ हातात येते. प्लग टाकताना पडला असंल तर चिनी मातीला केसाएवढी चीर जाते, ती उजेडात फिरवूनच दिसते. आणि इंजिन पाण्यानं धुतलं असंल तर प्लगच्या खड्ड्यात पाणी आहे का तेही बघून घ्या.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असंल तर मात्र गाडी चालवू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधे जाऊन तिथं जळते, आणि तो पार्ट प्लगच्या कितीतरी पट महाग आहे.

हवा चोरीसाठी पाइप बघायचे, आणि बघायचे म्हणजे नुसते वरून नाही. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जाते, त्यात बोनेटखालची गरमी, त्यामुळं रबर पापडासारखं होऊन जाते आणि ओढलं की पाइपाच्या तोंडापाशीच तडकते, तेही खालच्या बाजूनं, जिथं नजर जात नाही. म्हणून पाइप वाकवून, उलटा करून बघा. पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत आत ओढून घेणारा) पाइप आधी, मग ब्रेक बूस्टरचा, म्हणजे इंजिनच्या ओढीनं ब्रेक हलका करणाऱ्या डब्याचा. ब्रेकचा पेडल दगडासारखा कडक झाला असंल आणि दाबल्यावर रेस बदलत असंल तर शोधायची गरजच नाही, बूस्टरची लाइन. बाकी ठिकाणी स्प्रेच्या बाटलीनं साबणाचं पाणी सांध्यांवर मारा, जिथं मारल्यावर आवाज बदलला तिथं चोरी. कॉइलवर पाणी नको आणि फवारणीचा पंप तर आणूच नका. काही जण कार्ब क्लीनर मारतात, त्यानं लवकर सापडते खरं, पण गरम इंजिनवर ते पेटते.

ही गळती तशीच ठेवून पांदण रस्त्यानं गाडी हाकू नका. ती हवा फिल्टरमधून येत नाही, धूळ सरळ सिलिंडरात जाते.

एक फसवणारा प्रकार आहे. स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला लावून बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) पी०३०१ आला की लोक म्हणतात एक नंबरचा सिलिंडर मिस, प्लग टाका. पण इनटेक मॅनिफोल्डचं (सिलिंडरांना हवा वाटणारा पाइप) पॅकिंग किंवा इंजेक्टरची रबर रिंग त्याच सिलिंडरापाशी हवा ओढत असंल तर त्या एकट्याचं मिश्रण पातळ होते आणि तो मिस मारते. कोड मिसिंगचा, रोग हवेचा. कॉइल-प्लग फिरवूनही मिसिंग जागची हलत नाही तेव्हा पहिला संशय इथं घ्या. सोबत पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ असल्याचा कोड, दिसला तर जवळपास पक्कंच.

आणि थ्रॉटल साफ केला किंवा बॅटरी काढली असंल, रेस थोडी वर-खाली होते पण ताल नाही, हवा ओढल्याचा सूं सूं आवाज नाही, पाइप सगळे ठीक, तर एखाद दिवस गाडी नीट चालवून बघा. कॉम्प्युटरनं मळलेल्या थ्रॉटलचा हिशेब धरून ठेवलेला असते, तो नव्यानं जुळवायला त्याला वेळ लागते. काही गाड्यांना मात्र स्कॅनर लावूनच तो जुळवावा लागते, आणि तेवढ्यासाठी गॅरेजवर गेलात तर मिस्त्रीला 'मिसिंग आहे' म्हणू नका, काय काय उघडलं होतं ते सांगा.