बीसी (इंदूर)

ओळखीच्या माणसांनी दरमहा ठरावीक रक्कम गोळा करायची आणि ती पाळीपाळीने एकेकाला उचलू द्यायची, या पद्धतीला इंदुरात बीसी म्हणतात. महाराष्ट्रात तीच भिशी. इंदूरच्या मराठी घरांत दोन्ही शब्द चालतात. साधारणपणे बायकांची घरगुती ती भिशी, आणि तीच दाराबाहेर पडून बाजारात गेली की बीसी. काही जण ती 'बी. सी.' अशी आद्याक्षरे समजून लिहितात. त्यांना पूर्ण रूप विचारू नये.

बीसीचे दोन प्रकार आहेत. चिठ्ठीच्या बीसीत सगळ्यांची नावे स्टीलच्या डब्यात टाकून घरातल्या लहान मुलाकडून एक चिठ्ठी काढवतात. ज्याचे नाव निघेल त्याला बीसी 'लागली'. इथे नफा-तोटा नसतो, असतो तो फक्त आधी-नंतरचा फरक. तो मात्र लहान धंद्यात फार मोठा ठरतो. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर भागात दिवाळीचा फराळ करून विकणाऱ्या बाईचे उदाहरण घ्या. बेसन, रवा, तेलाचे डबे सियागंजातून रोखीने आणायचे ते भाद्रपद-आश्विनात. गिऱ्हाइकांचे पैसे येतात धनत्रयोदशीच्या आगेमागे. तिला वर्षातून एकदाच, पण नेमक्या त्या महिन्यात रक्कम हवी असते. म्हणून चिठ्ठी निघाल्यावरही 'या वेळची मला द्या, माझी तुम्ही घ्या' अशी अदलाबदल सर्रास होते. नियमांच्या वहीत हे कलम कुठेच नसते.

दुसरी बोलीची बीसी. तिच्यात सर्वांत कमी रकमेवर समाधान मानणाऱ्याला त्या महिन्याची रक्कम मिळते, आणि खरी गंमत तिच्यातच आहे. समजा बारा जण दरमहा 5,000 रुपये भरतात. डाव, म्हणजे महिन्याची एकूण जमा, झाला 60,000 चा. तिसऱ्या महिन्यात एखाद्याला दुकानासाठी फ्रीझर घ्यायचा आहे. तो 51,000 वर समाधान मानायला तयार होतो, आणि त्याहून खाली कोणी जात नाही. उरलेले 9,000 बारा जणांत वाटले जातात, म्हणजे प्रत्येकाला त्या महिन्यात 4,250 च भरावे लागतात. शेवटपर्यंत थांबणाऱ्याला पूर्ण 60,000 मिळतात आणि तोवर त्याने भरलेले असतात त्याहून कमी. तो फरक हेच त्याचे व्याज. घाईतल्या माणसाने सोडलेले 9,000 म्हणजे पंधरा टक्के व्याज, असा हिशेब बरेच जण मांडतात, पण तो चुकीचा आहे. त्या माणसाने आधीचे हप्ते भरलेले असतात, पुढच्या बोल्यांतून त्यालाही सूट मिळते, आणि कर्ज वर्षाचे नसून महिन्यागणिक फिटत जाणारे नऊ महिन्यांचे असते. त्यामुळे खरा दर पुढच्या बोल्या किती चढतात यावर ठरतो, आणि सहसा पंधराहून वरच जातो. तरीही बाजारातल्या रोजच्या वसुलीच्या कर्जाच्या व्याजापुढे तो परवडतो.

याच शहराच्या तुकोजीराव होळकर दुसरे यांनी 1870 मध्ये खांडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्क्यांनी, 101 वर्षांच्या मुदतीने कर्जाऊ दिले. त्या शहरातल्या हातगाडीवाल्याला दहा हजारांचे बँककर्ज तारणाविना मिळायला मात्र बराच काळ जावा लागला. 2015 च्या मुद्रा योजनेने आणि विशेषतः जून 2020 मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधीने ती वाट काहीशी उघडली. स्वनिधीत सुरुवातीला पहिले कर्ज 10,000 चे होते. ते वेळेवर फेडले की 20,000, मग 50,000. 2025 मध्ये पहिले दोन टप्पे 15,000 आणि 25,000 करण्यात आले. थोडे द्या, फेडले तर जास्त द्या, हे तत्त्व बीसी चालवणाऱ्याला नवे नाही.

बीसीत तारण म्हणजे माणसाची पत. कायद्याच्या दृष्टीने बोलीची बीसी चिट फंडात मोडते. 1982 च्या चिट फंड कायद्यानुसार राज्य सरकारची परवानगी आणि नोंदणी लागते, लहान रकमेच्या चिटना तेवढी सूट आहे. 2019 च्या दुरुस्तीने व्यक्तीने चालवलेल्या चिटची मर्यादा 1 लाखावरून 3 लाख झाली आणि चालकाचे कमिशन 5 वरून 7 टक्क्यांपर्यंत वाढले. गल्लीतल्या बहुतेक बीसी या चौकटीबाहेरच चालतात. चालक पळाला तर हातात उरते ती वहीतली सही, आणि पळणारा बहुधा तोच असतो ज्याच्यावर कोणी शंका घेतली नसती.

2016 मध्ये यूपीआय आल्यापासून वसुलीचे रूप बदलले. पाच तारखेला दारोदार फिरणे संपले. हप्ता फोनवरून येतो आणि ग्रुपवर स्क्रीनशॉट पडतो. पोह्यांच्या गाडीवरच्या क्यूआर कोडमुळे रोजच्या गल्ल्याची नोंदही तयार होते, आणि ती पाहून कर्ज देणाऱ्या कंपन्या आता स्वतःहून दार ठोठावतात. त्यांचा हप्ता रोजच्या जमेतूनच कापला जातो. पावसाने गाडी लागली नाही, तर त्यांचे यंत्र कारण ऐकून घेत नाही. बीसीवाला ऐकतो. चार शब्द सुनावतो, त्या महिन्याचे पैसे पदरचे घालतो, आणि पुढच्या वर्षीची यादी करताना त्या माणसाचे नाव बाराव्या क्रमांकावर लिहितो.