व्हार्सिटी अक्षरशैली

अमेरिकी विद्यापीठांतील खेळाडूंच्या जर्सीवरून आलेली जाड, ठसठशीत, कोपरे छाटलेली रोमन अक्षरशैली. 'कॉलेज ब्लॉक' हे तिचे दुसरे नाव. 'व्हार्सिटी' हे 'युनिव्हर्सिटी' या शब्दाचे इंग्लंडमध्ये तोंडी रुळलेले आखूड रूप आहे.

या शैलीत वळण जवळजवळ नसतेच. ओ काढायचा तर उभा आयत घ्यायचा आणि त्याचे चारही कोपरे तिरके उडवायचे. आतली पोकळीही तशीच कापायची. रेघांची जाडी सगळीकडे साधारण सारखी आणि टोकांना भक्कम चौकोनी पाये. असे पाये असलेली अक्षरे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या छापखान्यांत आली. व्हिन्सेंट फिगिन्स हा ती ओतणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी एक. पुढे अमेरिकेत भित्तिपत्रकांसाठी लाकडी खिळे, म्हणजे छपाईचे ठसे, कोरले जाऊ लागले, त्यांतही छाटलेल्या कोपऱ्यांची अक्षरे होती.

जर्सीवर मात्र या आकाराचे खरे नाते कापडाशी आहे. फेल्टमधून, म्हणजे दाबून केलेल्या जाड लोकरी कापडातून, गोल वळण सफाईने कापणे अवघड, सरळ काप सोपा. शिवतानाही सरळ कडेवर टाका नीट बसतो. मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून धावत्या खेळाडूचा नंबर ओळखता यावा, ही गरजही या जाडीने भागते. अक्षराभोवतीची दुसऱ्या रंगाची आउटलाइन निव्वळ शोभेची नाही. गडद कापडावर गडद अक्षर बुडू नये, हे काम ती करते.

छातीवर अक्षर मिरवण्याची प्रथा हार्वर्डच्या बेसबॉल संघाने 1865 मध्ये सुरू केली, असे मानले जाते. ते 'एच' मात्र जुन्या गॉथिक वळणाचे होते, ब्लॉक नव्हे. पुढे असे अक्षर ही खेळातल्या कामगिरीने कमावण्याची गोष्ट बनली. लोकरी अंगाच्या आणि चामडी बाह्यांच्या जॅकेटवर ते आजही लावतात, बहुधा शेनील कापडाचे, लुसलुशीत. मिशिगन विद्यापीठाचा 'ब्लॉक एम' हा या शैलीचा सर्वांत ओळखीचा नमुना म्हणता येईल. न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाने 1929 मध्ये पाठीवर कायमचे नंबर घेतले आणि त्यानंतर अक्षरांइतकेच अंकही महत्त्वाचे ठरले.

अशा फॉन्टची कसोटी मला तरी अंकांतच दिसते. आठ आणि बी शेजारी ठेवून पाहावेत. आठाचे बाहेरचे चारही कोपरे छाटलेले हवेत आणि बीची डावी बाजू ताठ, पाये बाहेर काढलेली. तेवढा फरक राखला नाही तर लांबून दोन्ही एकच दिसतात. शून्य आणि डी यांचेही तसेच.

देवनागरीत ही शैली आणणे हे वेगळेच काम आहे, आणि ते मनापासून व्हायला हवे. आपल्याकडे कॅपिटल अक्षरे नाहीत, सगळी अक्षरे शिरोरेषेला टांगलेली, शिवाय वर-खाली मात्रा. त्यामुळे रोमनसारखी एकाच उंचीची पट्टी मिळत नाही. वेलांटी आणि उकारासाठी जागा सोडली की अक्षराचा मुख्य भाग लहान होतो. नुसत्या शिरोरेषेचे कोपरे उडवून भागत नाही. प, ग, म ही उभ्या दांड्याची अक्षरे सहज जमतात. ठ अष्टकोनी केला तरी वाचता येतो. ळच्या दोन पोकळ्या मात्र त्या जाडीत बुजतात, म्हणून तिथे रेघ बारीक करून अक्षर थोडे रुंद घ्यावे लागते.